अर्धासनाचा मान

संस्कृत वाङ्मयात 'अर्धासन' हा शब्द मानाचा आहे. यजमानाने आपल्या आसनावर थोडे सरकून पाहुण्याला शेजारी जागा करून द्यावी, याहून मोठा सत्कार प्राचीन राजसभेत क्वचितच असेल. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दानवांशी लढून परतणाऱ्या दुष्यंताला इंद्राने हा मान दिल्याचा उल्लेख येतो. योगाभ्यासात मात्र 'अर्ध' हे उपपद ऐकले की आपल्या मनात नेमका उलटा भाव उमटतो. अर्धहलासन, अर्धशलभासन म्हणजे ज्याला पूर्ण जमत नाही त्याच्यासाठी काढलेली पळवाट, असे आपण धरून चालतो. मीही साठी उलटेपर्यंत असेच धरून चाललो होतो. ते गृहीत कसे मोडले आणि ते मोडताना आपल्याच परिसरातील एका मोठ्या परंपरेची ओळख कशी झाली, ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

माझा जन्म सिल्वासाचा. नोकरी महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यात, म्हणजे सरहद्दीपलीकडे झाली. डहाणू, तलासरी, जव्हार असा बहुतेक काळ जवळपासच गेला आणि २०१७ साली निवृत्त होऊन मी पुन्हा दमणगंगेकाठी आलो. लहानपणी घरात 'योग' हा शब्द क्वचितच कानी पडे. 'नमस्कार' हा रोज पडे. वडील पहाटे अंगणात सूर्यनमस्कार घालीत आणि हिशेब चुकू नये म्हणून शेजारी वाटीत चिंचोके ठेवीत. एक नमस्कार झाला की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. आम्हा भावंडांनाही तेच वळण लागले. शरीर हा आज्ञा पाळणारा शिपाई आणि आकडा हे त्याच्या निष्ठेचे प्रमाणपत्र, अशी आमची समजूत होती आणि ती तपासून पाहावी असे कोणालाही वाटले नव्हते.

२१ जून २०१९ रोजी, जागतिक योगदिनाच्या सकाळी, एका मैदानावरील सामुदायिक कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत बसलो होतो. निवृत्त अधिकाऱ्याला पहिल्या रांगेची सवय लवकर सुटत नाही. पश्चिमोत्तानासनाची सूचना झाली. शेजारच्या विशी-बाविशीतील तरुणाचे कपाळ गुडघ्याला टेकलेले दिसले आणि माझेही टेकलेच पाहिजे असे मी ठरवले. मांडीच्या मागची शीर ओढली गेली. पुढचे तीन आठवडे काठीच्या आधाराने काढावे लागले. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. सूचना देणारे गृहस्थ 'झेपेल तेवढेच वाका' असे दोनदा म्हणाले होते. ते वाक्य इतरांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असे समजून मी ते कानाआड केले होते.

खाटेवरच्या त्या दिवसांत एका स्नेह्यांनी वाचायला आणून दिलेल्या पुस्तकांत स्वामी कुवलयानंदांचे आसनांवरील पुस्तक होते. हल्ली योगवर्गांतून 'आत्मस्वीकार' आणि 'अंतर्भान' हे दोन शब्द वारंवार कानावर येतात. आपल्या शरीराला आहे तसे स्वीकारावे, आसनात असताना लक्ष आत ठेवावे, शेजाऱ्याकडे पाहू नये, असा त्यांचा साधारण आशय. माझ्या पिढीच्या अनेकांप्रमाणे मलाही हे शब्द परदेशातून फिरून आलेले आणि काहीसे मऊ वाटत. कुवलयानंदांचे पुस्तक आणि त्यानंतर त्यांच्याविषयी जे जे मिळाले ते वाचल्यावर ध्यानात आले की शब्द नवे असतील, पण ही दृष्टी शंभर वर्षांपूर्वी आपल्याच लोहमार्गावरच्या गावांतून घडली आहे, आणि ती घडवणारी माणसे मऊ तर मुळीच नव्हती. ती आखाड्यातून आली होती.

बडोदा आणि मुंबई यांना जोडणारा लोहमार्ग आपल्या वापीवरून जातो. त्याच्या उत्तर टोकाकडे डभोई, बडोदे आणि नर्मदाकाठचे मालसर. दक्षिणेकडे वर्सोवा, मुंबई आणि पुढे घाट चढून लोणावळे. आधुनिक योगाच्या पुनर्रचनेचा एक मोठा अध्याय या पट्ट्यात लिहिला गेला. तेव्हा सिल्वासावर पोर्तुगिजांचा अंमल होता. तो २ ऑगस्ट १९५४ रोजी संपला, हे आपल्या घरांत कोणाला सांगावयास नको. त्यामुळे ही हकीकत आपल्या दारावरून गेली तरी आपल्या घरात आली नाही, असे म्हणावे लागेल.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गायकवाडी मुलखातील डभोई येथे झाला. गुजरातेत स्थायिक झालेले हे मराठी घर; आपल्यासारखेच म्हणावयास हरकत नाही. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढील शिक्षण बडोदा कॉलेजात झाले. अरविंद घोष त्या काळात बडोद्यात अध्यापन करीत होते. टिळकांच्या राजकारणाचा तो ऐन भर होता. १९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रा. माणिकराव यांच्याकडे शरीरसाधनेचे शिक्षण घेतले. या व्यायाममंदिराचे नाव त्या काळी तरुणांत देशभक्तीच्या जोडीनेच घेतले जाई.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. दुर्बळ शरीर हे पारतंत्र्याचे कारणही आहे आणि खूणही, अशी सुशिक्षित वर्गाची भावना होती. ठिकठिकाणी आखाडे आणि व्यायामशाळा निघत होत्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे जीवितकार्य मानले. राजघराण्यात आणि संस्थानातील शाळांत नमस्कार रोजच्या क्रमात बसवले. नमस्कार त्या वेळी व्यायामात मोजले जात, योगासनांत नव्हे, आणि व्यायाम म्हटला की संख्या आलीच. माझ्या वडिलांचे चिंचोके याच वाऱ्याबरोबर आमच्या अंगणात आले असले पाहिजेत. या सगळ्याला मी नावे ठेवू इच्छित नाही. मान खाली घालून चालणाऱ्या एका समाजाला ताठ उभे राहण्याची ती शिकवण होती. पण ताठ उभे राहण्याच्या शिकवणीत स्वतःच्या शरीराचे म्हणणे ऐकून घेण्याला फारशी जागा नव्हती.

ती जागा गुणे यांना नर्मदेच्या काठी सापडली. मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी राहत. ते मूळचे बंगालकडचे. त्यांच्या वयाविषयी अनुयायांत मोठमोठे आकडे सांगितले जातात. ते बाजूला ठेवू. १९१९ साली गुणे त्यांच्याकडे गेले. त्यापूर्वी तीन वर्षे, १९१६ साली, दक्षिण गुजरातेतील मणिभाई देसाई नावाचा एक कॉलेजकुमार त्यांच्याकडे येऊन गेला होता. त्यालाही तरुणपणी कुस्तीचा नाद होता. हाच तरुण पुढे श्रीयोगेंद्र म्हणून प्रसिद्ध झाला आणि २५ डिसेंबर १९१८ रोजी त्याने मुंबईजवळ वर्सोवा येथे, दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात, 'योग इन्स्टिट्यूट' सुरू केली. अंगमेहनतीची सवय असलेले दोन तरुण एकाच वृद्धाच्या पायाशी बसले आणि दोघांनीही परतल्यावर आखाडा काढला नाही. सामान्य संसारी माणसाला योग शिकवण्याची संस्था काढली. माधवदास १९२१ साली निवर्तले.

गुणे यांनी मालसरहून आणलेली विद्या डोळे मिटून स्वीकारली नाही. आजच्या वाचकाला त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वाधिक विचार करायला लावणारा वाटेल. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी काही विद्यार्थ्यांच्या साह्याने उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांखाली तपासणी केली. पोट आत खेचले जाते तेव्हा आतील इंद्रिये नेमकी कोठे सरकतात, दाब किती उतरतो, हे त्यांना पाहायचे होते. याच सुमारास ते अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ते महाविद्यालय १९२३ मध्ये बंद पडले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, लोणावळे येथे कैवल्यधाम उभे राहिले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू झाले. त्याच्या पहिल्या अंकांत या क्ष-किरण छायाचित्रांना स्थान मिळाले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात बाहेरील हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो असे मोजमापात आढळले, तेव्हा त्या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. गुरूविषयीची भक्ती आणि दाबमापकाचा आकडा ही दोन्ही एकाच माणसाच्या ठायी सुखाने नांदत होती.

महसूल खात्यात आयुष्य गेल्यामुळे मला या कामात पंचनामा दिसतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वृद्ध मंडळ अधिकाऱ्यांनी मला शिकवले होते, "पंचनाम्यात मत लिहायचे नसते, रावसाहेब. जागेवर जे दिसले ते लिहायचे." पीक बुडाले असेल तर बुडाले, अर्धे उभे असेल तर अर्धे उभे. कोणाला वाईट वाटेल म्हणून पाऊण लिहायचे नाही आणि कोणाचा राग आहे म्हणून पाव लिहायचे नाही. लोणावळ्यात शरीराचा असा पंचनामा चालला होता. आजच्या भाषेत ज्याला आत्मस्वीकार म्हणतात त्याची पहिली पायरी मला तरी हीच वाटते. शरीराला गोंजारणे त्यात नाही आणि रागावणेही नाही. जागेवर जे आहे ते खरे लिहून घेणे आहे.

या खरेपणाची कसोटी एका प्रसंगी लागली. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, अशी समजूत तेव्हाही होती आणि आजही अनेक ठिकाणी ठासून सांगितली जाते. ती खरी ठरली असती तर योगाच्या प्रचाराला मोठेच साधन मिळाले असते. कैवल्यधामात श्वासातील वायूंचे मोजमाप झाले. प्राणायामाचे मोल अधिक प्राणवायू शोषण्यात नाही, असा निष्कर्ष कुवलयानंदांनी मांडला. श्वासावर संथ ताबा आणून मज्जासंस्थेला जे वळण लागते त्यात ते आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या विद्येसाठी आयुष्य वाहिले तिच्याविषयीचा सोयीचा समज स्वतःच्याच प्रयोगशाळेत मोडू देणे, याला धैर्य लागते. स्वतःविषयी खोटे मोठेपण न बाळगण्याची सवय असलेल्या माणसालाच ते साधते.

१९३१ साली त्यांची आसनांवरील आणि प्राणायामावरील पुस्तके निघाली. त्यांतील मार्गदर्शनाचा सूर मला खाटेवर वाचताना प्रथमच नीट ऐकू आला. ताण देऊ नका, हिसका देऊ नका, दुखू लागताच मागे या, आपल्या शक्तीचा अंदाज घेऊन काल वाढवा, अशी ती सारी शिकवण आहे. आसनांच्या पायऱ्या लावण्यातही हाच विचार दिसतो. शलभासनापूर्वी अर्धशलभासन, हलासनापूर्वी अर्धहलासन. आणि अर्धमत्स्येंद्रासनही ज्याला जड जाते त्याच्यासाठी वक्रासन ही त्याहून सोपी पायरी. गंमत अशी की ज्या अर्धमत्स्येंद्रासनाला आपण पूर्ण आसन समजून कौतुकाने पाहतो, ते नावानेच 'अर्ध' आहे. म्हणजे परंपरेत प्रत्येकाच्या वाट्याला कोठे ना कोठे अर्धे येतेच, आणि कोणी त्याची लाज बाळगावी अशी तिची अपेक्षा नाही.

याला शास्त्राधार शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. पतंजलीने आसनांची नावे दिली नाहीत आणि चित्रेही रंगवली नाहीत. आसन स्थिर आणि सुखकर असावे, एवढेच तो सांगतो, आणि ते साधण्याचा उपाय म्हणून प्रयत्न सैल सोडण्यास सांगतो. मी मैदानावर जे केले त्यात स्थिरता नव्हती आणि सुखही नव्हते. प्रयत्न मात्र ओतप्रोत होता. पतंजलीच्या मापाने ते आसनच नव्हते. त्या तरुणाचे कपाळ कोठे टेकले आणि माझे कोठे थांबले, या प्रश्नाला त्या सूत्रांत उत्तर नाही, कारण तो प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

इतिहास लिहिताना सोयीचे तेवढेच सांगून चालत नाही. हेच कुवलयानंद १९२७ ते १९३७ या दशकात मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर काम करीत होते आणि त्यांनी शाळांसाठी यौगिक संघव्यायामाचा क्रम रचला. शिट्टीवर, आकड्यांवर, एका ओळीत शेकडो मुलांनी करावयाची आसने! आत लक्ष ठेवण्याची साधना आणि कवायतीचा हुकूम यांचा मेळ कसा बसावयाचा? माझ्या मते हा प्रश्न त्यांच्याही आयुष्यात पूर्ण सुटला नाही. समाज उभा करावयाचा तर ओळ लागते, आणि माणूस उभा करावयाचा तर ओळीतून थोडे बाजूला व्हावे लागते. दुसऱ्या कामासाठी त्यांनी मुंबईत १९३२ साली आरोग्यकेंद्र काढले. १९३६ मध्ये ते मरीन ड्राइव्हवरील इमारतीत गेले. तेथे येणाऱ्याची प्रकृती पाहून ज्याला त्याला वेगळा क्रम दिला जाई. प्रकृती ढासळलेल्या गांधीजींनी १९२७ मध्ये आसनांविषयी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला होता. राष्ट्राला हुकूम देण्याची ज्याची योग्यता, त्यानेही आपल्या थकलेल्या शरीराला काय झेपते हे विचारून घेतले, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

श्रीयोगेंद्रांच्या घरीही हाच विचार वेगळ्या रीतीने पुढे गेला. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ मध्ये स्त्रियांच्या योगाभ्यासावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. स्त्रीने लिहिलेले ते या विषयावरील अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक होय. स्त्रीशरीराचे ऋतुमान, प्रसूती, घरकामाचा शीण यांचा विचार पुरुषांसाठी ठरलेल्या क्रमात कसा होणार? शरीराशरीरांतील फरक हा दोष नसून आरंभबिंदू आहे, असे मानल्याशिवाय असे पुस्तक लिहिलेच गेले नसते.

कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. सहकाऱ्यांत कैवल्यधामाचे डॉ. विनेकर होते. निवडलेले आसन होते शवासन. रुग्णाने उताणे पडून शरीर सैल सोडायचे, श्वास संथ चालू द्यायचा, आणि आत येणारी हवा नाकपुड्यांना गार लागते, बाहेर जाणारी ऊन लागते, एवढेच जाणत राहायचे. औषध न घेणाऱ्या १० रुग्णांच्या गटात सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ पर्यंत उतरल्याची नोंद त्यांनी केली. औषधे घेणाऱ्यांपैकी अनेकांची मात्रा कमी करता आली, काहींना मात्र फरक पडला नाही. अभ्यास लहान होता आणि आजच्या निकषांनी तो अखेरचा शब्द ठरत नाही. कोणी तो वाचून आपली गोळी बंद करू नये. तरीही सर्व आसनांतून वैद्यकाने जे आसन पारखायला घेतले, त्यात जमणे आणि न जमणे हा प्रश्नच नव्हता. नाकपुडीतील गारवा जाणायला वय लागत नाही, लवचीकपणा लागत नाही. जाणीव तेवढी लागते.

कुवलयानंद गेले त्याच १९६६ साली पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचा आसनांवरील गाजलेला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ते जन्माने कर्नाटकातील बेल्लूरचे. बालपण आजारपणात गेलेले. १९३७ मध्ये काही महिन्यांसाठी म्हणून ते पुण्यात शिकवायला आले आणि २० ऑगस्ट २०१४ रोजी पुण्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या ग्रंथातील छायाचित्रे पाहून सामान्य माणूस हताश होतो. पण १९७५ मध्ये पुण्यात उघडलेल्या त्यांच्या संस्थेत पाहिले तर भिंतीला दोर, कोपऱ्यात लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या, घडीची जाजमे दिसतात. ज्याचा हात जमिनीला पोहोचत नाही त्याने जमीन ठोकळ्याच्या रूपाने वर आणावी. शिस्तीच्या बाबतीत अत्यंत कठोर म्हणून ख्यात असलेल्या या गुरूने आधार घेण्यातील कमीपणा काढून टाकला. अर्ध्यावर थांबणाऱ्याला मान देण्याचीच ही दुसरी रीत.

येथे एक शंका कोणीही काढील, आणि माझ्या वडिलांनी तर नक्कीच काढली असती. आहे ते स्वीकारायचे म्हटले तर माणूस हातपाय हलवील कशाला? स्वीकार हे आळसाचे सभ्य नाव तर नव्हे? पतंजलीने नियमांची जी यादी दिली आहे तिच्यात या शंकेचे उत्तर आहे, असे मला वाटते. तेथे संतोषानंतर लगेच तप येते आणि तपानंतर स्वाध्याय. आहे त्यात समाधान आणि तरीही रोजचे कष्ट ही दोन्ही शेजारी शेजारी बसवली आहेत. पंचनामा झाला म्हणजे काम संपले असे नसते. उलट तो नीट झाला तरच पुढची मदत योग्य शेतापर्यंत पोहोचते. माझ्या मांडीची शीर कोठवर येते हे मला कळल्यावरच तिच्याशी सहा महिन्यांत दोन बोटे पुढे जाण्याचा करार करता आला. रागाने तिला एका सकाळी वीतभर ओढली, तेव्हा ती तीन आठवडे मागे गेली होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो. वडिलांनी चाळीस वर्षे नमस्कार घातले. उतारवयात आकडा घटत घटत बारावर आला. एके दिवशी दहाव्या नमस्काराला ते हातावरून उठू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाट्या उचलून फडताळात ठेवल्या. आई म्हणाली, "पाच घाला, तीन घाला." ते म्हणाले, "बारा होत नाहीत, तर एकही नको." पुन्हा त्यांनी अंगणात जाजम घातले नाही. त्यानंतर ते वेगाने खचत गेले. मी तेव्हा नोकरीत, फिरतीवर. घरी आलो की त्यांच्या निग्रहाचे मला कौतुकच वाटे. ते शिस्तीचे टोक आहे असे मी समजत होतो. आज वाटते की त्यांना कोणी तरी, आणि ते मीच असायला हवे होते, शेजारी बसून सांगायला हवे होते की बाबा, हात जोडून उभे राहा आणि श्वास घ्या, तोही नमस्कारच आहे. चाळीस वर्षांत त्यांनी शरीराला हुकूम पुष्कळ दिले होते. त्याची विचारपूस करण्याची सवय मात्र त्यांना लागली नव्हती, कारण ती त्यांना कोणी लावलीच नव्हती.

त्या दोन वाट्या मी मध्यंतरी फडताळातून काढल्या. चिंचोके गुळगुळीत झालेले आहेत. सकाळी मी आता अर्धहलासन करतो, वक्रासन करतो आणि शेवटी शवासनात नाकपुडीतील गारवा पाहत पडून राहतो. चिंचोका एकच सरकवतो. आज बसलो, एवढी त्याची नोंद.

गेल्या दिवाळीत सुरतेहून आलेली माझी नात शेजारी येऊन बसली. तिचे मराठी अर्धे. मधे गुजराती शब्द येतात, क्रियापदे भलतीच लागतात. आपल्या बहुतेक घरांत हेच चित्र आहे, आणि मुलांनी असे काही म्हटले की आपण हसतो किंवा सुधारतो. हळूहळू ती आपल्याशी मराठीत बोलायचीच थांबतात. बारा होत नाहीत, तर एकही नको. त्या सकाळी तिने मला विचारले, "आजोबा, तुमी आडवा पडून काय जुवता?" मी नेहमीप्रमाणे 'बघता' असे सांगण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. जाजमावर थोडा सरकलो, तिला शेजारी जागा करून दिली आणि हवा आत येताना गार कशी लागते ते सांगू लागलो.